गाडी आधी गरम करायची की नाही? हँडलपासून रिमोट स्टार्टरपर्यंतची गोष्ट

तुम्ही हे पुण्यात किंवा मुंबईत ऐकत असाल तर डोक्यावर पंखा फिरत असेल, पण आजचा विषय बर्फाचा आहे.

जानेवारी २०१७. अमेरिकेतलं मिशिगन राज्य, डेट्रॉइटजवळचं रोझव्हिल. कडाक्याची थंडी. एका तरुणाने घरासमोरच्या ड्राइव्हवेमध्ये गाडी सुरू केली, किल्ली गाडीतच ठेवली आणि इंजिन गरम होईपर्यंत तो घरात गेला. पाच-दहा मिनिटांनी बाहेर येऊन बघतो तर काचेवर १२८ डॉलरच्या दंडाची पावती! गुन्हा काय, तर गाडी सुरू ठेवून निघून जाणं. त्या पावतीचा फोटो फेसबुकवर फिरला, लोक चिडले आणि त्याच वर्षी मिशिगनने कायदा बदलला. आता तिथे आपल्या खाजगी जागेत गाडी अशी सुरू ठेवता येते.

पोलिसांची बाजू साधी होती. किल्लीसकट सुरू असलेली गाडी म्हणजे चोराला आमंत्रण. कोलोराडोमध्ये तर धूर सोडत उभ्या असलेल्या अशा गाड्यांना ‘पफर’ असं खास नाव आहे. तिथेही असाच कायदा होता आणि २०१६ मध्ये त्यात एक सूट घातली गेली. गाडी रिमोट स्टार्टरने सुरू केली असेल, तर चालेल. म्हणजे एका छोट्या बटणासाठी अख्ख्या राज्याने कायदा दुरुस्त केला.

आता प्रश्न असा, की हे बटण खरंच इतकं कामाचं आहे का? तुमचा कोणी मित्र, ताई, दादा-वहिनी टोरंटो किंवा मिनियापोलिसला गेले असतील, तर पहिली गाडी घेताना त्यांना हा सल्ला हमखास मिळतो: ‘रिमोट स्टार्टर बसवून घे, नाहीतर हिवाळ्यात हाल होतील.’ त्याला काही शे डॉलर लागतात. शिवाय ‘गाडी दहा मिनिटं गरम केल्याशिवाय हलवू नकोस, इंजिन खराब होतं’ हे तर जगभरचे काका सांगत असतात. यातलं खरं किती आणि जुनं झालेलं किती, हे कळायला आपल्याला शंभर वर्षं मागे जावं लागेल.

हँडल मारायचे दिवस

गावाकडे विहिरीवरचं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू करताना तुमच्यापैकी काही जणांनी पाहिलं असेल. सुरुवातीच्या मोटारगाड्या तशाच होत्या. गाडीच्या तोंडाशी उभं राहायचं, लोखंडी हँडल आत घालायचं आणि जोर लावून फिरवायचं. थंडीत इंजिनातलं तेल घट्ट व्हायचं, त्यामुळे जोर दुप्पट लागायचा.

त्यात धोका होता. ठिणगी चुकीच्या वेळी पडली की इंजिन उलटा झटका द्यायचं आणि ते हँडल सगळ्या ताकदीने हातावर यायचं. मनगटाजवळचं हाड मोडण्याचे प्रकार इतके व्हायचे, की त्या फ्रॅक्चरला डॉक्टरांनी ‘शोफर्स फ्रॅक्चर’ असं नाव दिलं. अस्थिरोगाच्या पुस्तकांत ते आजही आहे. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे ड्रायव्हरला शिकवावं लागायचं.

यातून सुटका केली चार्ल्स केटरिंग नावाच्या इंजिनिअरने. हा माणूस आधी ओहायोमधल्या डेटन शहरात नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता. दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला त्याने विजेची मोटर बसवली होती. तिथे त्याच्या लक्षात आलं, की गल्ल्याचा खण उघडायला ताकद लागते, पण ती क्षणभरच. मग दिवसभर चालणारी मोठी मोटर कशाला? छोट्या मोटरवर थोडा वेळ जास्तीचा भार टाका, तिचं काम झालं की थांबवा. हीच कल्पना त्याने गाडीला लावली. तोपर्यंत बरेच जण म्हणत होते, की इंजिन फिरवायला इंजिनाएवढीच मोटर लागेल. केटरिंगचं उत्तर होतं, की तिला दिवसभर कुठे फिरायचंय, काही सेकंदच तर फिरायचंय.

१९११ मध्ये त्याने कॅडिलॅकला हे करून दाखवलं आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्या सेल्फ-स्टार्टर घेऊन आल्या. फोर्डच्या मॉडेल टीला हा स्टार्टर मिळायला १९१९ उजाडलं. ड्रायव्हर पहिल्यांदा गाडीच्या तोंडासमोरून उठला आणि सीटवर जाऊन बसला. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट माणूस इंजिनापासून कसा लांब लांब गेला याची आहे.

चोक, आणि ‘गरम करून घे’

गाडी सुरू करणं सोपं झालं, पण थंडीत ती सुरू राहणं हा वेगळाच प्रश्न होता. पेट्रोल जळतं ते वाफ होऊन. थंडीत त्याची नीट वाफच होत नाही. त्या काळी हवा आणि पेट्रोल मिसळायचं काम कार्ब्युरेटर करायचा आणि तो बिचारा निव्वळ यांत्रिक. बाहेर किती थंडी आहे, इंजिन किती गार आहे, हे त्याला कळत नसे. मग ड्रायव्हरने चोक ओढायचा, म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. इंजिन गरम झालं की चोक हळूहळू आत ढकलायचा. घाई केली की गाडी चौकात बंद!

आपल्याकडेही हे होतंच की. डिसेंबरच्या सकाळी आकुर्डीत बनलेली बजाज चेतक एका बाजूला तिरकी करून, चोक ओढून, चार-पाच किका मारणारे बाबा ज्यांच्या घरी होते, त्यांना मी काय सांगतोय ते लगेच कळेल. ‘जरा गरम होऊ दे, मग निघ’ हे वाक्य तेव्हा शंभर टक्के बरोबर होतं. कार्ब्युरेटरला खरंच त्या दोन-चार मिनिटांची गरज होती. काकांचा सल्ला खोटा नव्हता, तो त्या यंत्रासाठी होता. हे यंत्र बदलणार होतं, पण त्याआधी अतिथंड प्रदेशातल्या लोकांनी आणखी एक उपाय काढला.

गाडीच्या तोंडातून लोंबणारी वायर

मायनस ३० मध्ये चोकसुद्धा हात टेकतो. तेल घट्ट होतं आणि बॅटरी दगा देते. अमेरिकेतल्या ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या संघटनेच्या मते शून्य अंश सेल्सिअसला बॅटरीची साधारण ३५ टक्के ताकद जाते आणि मायनस १८ ला तब्बल ६० टक्के. म्हणजे इंजिन फिरवायला सगळ्यात जास्त जोर लागतो, नेमकी तेव्हाच बॅटरी सगळ्यात कमजोर.

नॉर्थ डाकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी यावर इंजिनाच्या बोल्टच्या जागी बसणारा एक छोटा हीटर बनवला. १९४९ मध्ये त्यांना त्याचं पेटंट मिळालं. गाडी रात्री विजेच्या प्लगला लावायची, सकाळी इंजिन कोमट. यातूनच ब्लॉक हीटर घरोघरी पोचला.

आजही कॅनडात विनिपेग किंवा एडमंटनला गेलात, तर पार्किंगमध्ये ओळीने प्लग दिसतात आणि साध्या पेट्रोल गाड्यांच्या तोंडातून वायरी लोंबत असतात. नवीन माणसाला वाटतं, इथे सगळ्या इलेक्ट्रिक गाड्याच आहेत की काय!

या उपायात एक शहाणपण आहे. ब्लॉक हीटर इंजिन सुरू करायच्या आधी गरम करतो. गार इंजिन सुरू करताना होणारी झीज आणि वाया जाणारं पेट्रोल, दोन्ही त्याने वाचतं. कॅनडा सरकारचा सल्ला आहे, की रात्रभर लावून ठेवायची गरज नाही. टायमर लावा, निघायच्या आधी दोन तास पुरे.

बटण आलं, पण इंजिन बदललं

मग आला रिमोट स्टार्टर. आधी तो बाहेरच्या दुकानांतून बसवून घ्यावा लागायचा. २००४ च्या शेव्हरोले मालिबूपासून जनरल मोटर्सने तो कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. आता माणूस सीटवरून उठून थेट स्वयंपाकघरात आला. हातात चहाचा कप, खिडकीतून बटण, गाडी सुरू.

माझ्यातल्या प्रोग्रामरला हे यंत्र फार आवडतं, कारण त्याचं सगळं लॉजिक ‘नाही’ म्हणण्याचं आहे. बटण दाबलं की गाडीतला मॉड्यूल आधी सिग्नलचा कोड तपासतो. मग प्रश्नांची रांग. गिअर ‘पार्क’मध्ये आहे का? बॉनेट बंद आहे का? ब्रेकवर कोणाचा पाय तर नाही ना? एक जरी उत्तर चुकलं तरी इंजिन सुरू होत नाही. सुरू झालंच, तर साधारण दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद. आणि किल्लीशिवाय कोणी आत बसून ब्रेक दाबला की इंजिन लगेच थांबतं. रोझव्हिलच्या पोलिसांना ज्या चोराची भीती होती, त्याच्यावरचं उत्तर हेच.

बाहेरून बसवताना मात्र एक गोची होते. कॅनडात सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे, म्हणजे खऱ्या किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. मग रिमोटने कसं सुरू करणार? सुरुवातीच्या काही जोडण्यांमध्ये चक्क एक जादा चिपवाली किल्ली डॅशबोर्डच्या आत लपवून ठेवायचे. दाराला भारी कुलूप लावायचं आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची, तसला प्रकार! म्हणून हे काम जाणकाराकडूनच करून घ्यायचं. मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर आणखी जपून, कारण गिअरमध्ये उभी असलेली गाडी स्टार्टर मारताच पुढे उडी घेते.

पण मंडळी, या गोष्टीतली खरी गंमत इथे आहे. अमेरिकेत १९९० च्या आसपास नव्या गाड्यांमधून कार्ब्युरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. आता सेन्सर इंजिनाचं तापमान मोजतो आणि संगणक पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. चोक ओढणारा हात सॉफ्टवेअरमध्ये गेला. आपल्याकडे २००० च्या आसपास गाड्यांच्या मागे ‘एमपीएफआय’ अशी अक्षरं झळकायला लागली, तो हाच बदल. आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ नियम आले, तेव्हा बहुतेक दुचाकींमधूनही कार्ब्युरेटर गेला.

म्हणजे बघा, गाडी गरम करायचं सगळ्यात सोपं बटण घरोघरी पोचेपर्यंत इंजिनाची ती गरजच संपली होती. यंत्र निवृत्त झालं, सवय मात्र नोकरीवर राहिली.

जागेवर उभं राहून काय होतं?

आजचं इंजिन लवकर गरम करायचा उत्तम मार्ग म्हणजे गाडी चालवणं. अमेरिकेची पर्यावरण संस्था आणि कॅनडाचं ऊर्जा खातं, दोघेही जवळपास एकच सांगतात: काच साफ असेल तर साधारण ३० सेकंद थांबा आणि हळू निघा. सुरुवातीची काही मिनिटं ॲक्सिलरेटर जोरात दाबू नका.

का? जागेवर उभ्या इंजिनावर भारच नसतो, त्यामुळे ते फार हळू तापतं. तोवर गार इंजिनासाठी जास्तीचं पेट्रोल सुटत राहतं. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन खालच्या तेलात मिसळतं. म्हणजे इंजिनाची काळजी म्हणून आपण जे करतो, ते इंजिनाला फारसं मानवत नाही. शिवाय गिअरबॉक्स, टायर, बेअरिंग हे जागेवर गरम होतच नाहीत. ते चाक फिरल्यावरच गरम होतात. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काही शे अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही.

आता खिशाचा हिशेब. कॅनडा सरकारच्या आकड्यानुसार ३ लिटरचं इंजिन १० मिनिटं नुसतं सुरू ठेवलं तर ३०० मिलिलिटरहून जास्त पेट्रोल जातं. सकाळी घरून निघताना एकदा आणि संध्याकाळी ऑफिसमधून एकदा, असं दिवसाला दोन वेळा धरा. हिवाळ्याचे १०० दिवस. झाले ६० लिटर! मध्यम गाडीच्या टाकीपेक्षा जास्त पेट्रोल, आणि गाडी एक इंचही पुढे गेलेली नाही. इंजिन लहान असेल तर आकडा कमी होईल, पण हिशेबाची दिशा तीच.

थंडी तशीही पेट्रोल खातेच. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या मते २५ अंशांच्या तुलनेत मायनस ७ ला शहरातलं मायलेज साधारण १५ टक्के पडतं. पाच-सहा किलोमीटरच्या छोट्या फेऱ्यांमध्ये ते २४ टक्क्यांपर्यंतही पडू शकतं. ज्यांचं ऑफिस जवळ आहे, त्यांची गाडी नीट गरम व्हायच्या आत पोचते. दहा मिनिटांच्या प्रवासासाठी दहा मिनिटं गाडी गरम करणं म्हणजे तिकिटापेक्षा रिक्षा महाग.

जीवावर बेतणारी गोष्ट

हा भाग कृपया स्किप करू नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला नुसती गुंगी येते आणि तो उठतच नाही.

जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मोठं हिमवादळ आलं. न्यू जर्सीतल्या पसेइकमध्ये एक बाप गाडीभोवतीचा बर्फ काढत होता. बायको-मुलांना थंडी वाजू नये म्हणून त्याने त्यांना सुरू गाडीत बसवलं होतं. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलेलं होतं. धूर आत आला आणि आई व तिची दोन लहान मुलं, तिघंही गेली. बाप काही फुटांवर होता.

रिमोट स्टार्टरमध्ये हाच धोका आणखी लांबून येतो. रात्री बर्फ पडलाय, सायलेन्सर बुजलाय आणि तुम्ही स्वयंपाकघरातून बटण दाबताय. तुम्हाला काय दिसणार? त्याहून वाईट म्हणजे घराला जोडलेलं बंद गॅरेज. तिथे शटर उघडं ठेवूनही इंजिन गरम करायचं नाही. खिशात चुकून बटण दाबलं गेलं तरी धूर घरात शिरतो. किल्ली न घालता बटणावर सुरू होणाऱ्या गाड्या गॅरेजमध्ये सुरूच राहिल्याने २००६ पासून दोन डझनांहून जास्त लोक दगावल्याची बातमी २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दिली होती. अशा गाड्या ठरावीक वेळेनंतर आपोआप बंद व्हाव्यात म्हणून नियम करा, असं अमेरिकी संसदेने २०२१ च्या कायद्यात सांगितलं.

हँडल मारणाऱ्या माणसाचा हात मोडायचा, पण तो गाडीच्या समोर उभा असायचा. बर्फ, धूर, मागे खेळणारं पोर, सगळं त्याला दिसायचं. बटणाने हात वाचवला आणि नजर काढून घेतली.

बटण कोणाच्या हातात?

यापुढचा टप्पा म्हणजे मोबाइल ॲप. बटण दाबलं की निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून गाडीकडे. आता तुम्ही पुण्यात बसून टोरंटोतली गाडी सुरू करू शकता. पण मध्ये कोणीतरी तिसरा आला.

डिसेंबर २०२१ मध्ये बातमी आली, की टोयोटाच्या काही गाड्यांमध्ये मोफत मुदत संपली की किल्लीवरचं रिमोट स्टार्टसुद्धा बंद होतं आणि पुढे महिन्याला ८ डॉलर भरावे लागतात. किल्ली तुमची, गाडी तुमची, भाडं मात्र चालू! लोक भडकले. लगेच फेब्रुवारी २०२२ मध्ये एटी अँड टीने अमेरिकेतलं थ्रीजी नेटवर्क बंद केलं आणि बऱ्याच जुन्या गाड्यांमधल्या ॲपच्या सोयी गेल्या. गाडी धडधाकट, पण तिचा फोन मेला. म्हणून गाडी घेताना विचारा: हे बटण थेट रेडिओवर चालतं की सर्व्हरवरून? फुकट किती वर्षं?

मग घ्यायचा की नाही?

माझं मत सांगतो. इंजिनासाठी म्हणून रिमोट स्टार्टर घेऊ नका. नव्या इंजिनाला त्याची गरज नाही. मायनस २० च्या खाली नेहमी जाणारं गाव असेल आणि जवळ प्लग असेल, तर आधी ब्लॉक हीटर आणि टायमर घ्या.

माणसासाठी मात्र त्याची किंमत आहे. काचेवर बर्फाचा थर असताना छोट्या भोकातून बघत गाडी चालवणं जीवघेणं आहे. घरात तान्हं बाळ असेल, आजी-आजोबा असतील, रात्रपाळीनंतर अंधाऱ्या पार्किंगमध्ये बोटं बधिर होईपर्यंत काच खरवडावी लागत असेल, तर गाडी उघड्यावर लावणाऱ्याला हे बटण चैन नाही. फक्त आधी सायलेन्सर मोकळा आहे ना ते जाऊन बघा, दहा मिनिटांऐवजी तीन-चार मिनिटांत काम भागतंय का ते पाहा आणि गॅरेजमध्ये ते बटण विसरा.

आपल्याकडे हे बटण उलट्या कामाला आलंय. २०१९ मध्ये व्हेन्यू, सेल्टॉस अशा गाड्यांसोबत ॲपवरून इंजिन सुरू करायची सोय इथे पोचली. नागपूरच्या मे महिन्यात लोक ती एसीसाठी वापरतात. ऋतू बदलला, पण हिशेब आणि धुराचा नियम तोच. बेसमेंटमधल्या पार्किंगमध्ये तर जास्तच.

आणि पुढे? नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर १० नव्या गाड्यांपैकी जवळपास ९ इलेक्ट्रिक होत्या. त्या प्लगला लावलेल्या असतानाच आतून गरम होतात. धूर नाही, सुरू करायला इंजिनच नाही. विनिपेगच्या पार्किंगमधली ती लोंबणारी वायर पाऊणशे वर्षांनी पुन्हा बरोबर ठरतेय.

तोपर्यंत तिकडे कोणी आपलं माणूस राहत असेल, तर हा एपिसोड पाठवा. आणि आजच त्याला एक प्रश्न विचारा: घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का? रिमोट स्टार्टरच्या आधी तो घ्यायचा. भेटू पुढच्या आठवड्यात.